फळ्याची मागची बाजू

जळगाव जामोदच्या एका वाचनालयात निवृत्त प्राध्यापक उत्तमराव दर शनिवारी फळ्यावर इंग्रजीचे एक कोडे लिहीत. उत्तर ते फळ्याच्याच मागच्या अंगाला लिहून ते अंग भिंतीकडे वळवून ठेवीत. रविवारी सर्वांसमक्ष फळा फिरे. तोवर मागे डोकावायचे नाही, हा रिवाज. उत्तमरावांचा माणसांपेक्षा रिवाजावर अधिक विश्वास होता.

धम्मदीपवर मात्र अजिबात नव्हता. मुकी अक्षरे, उच्चाराशी फटकून वागणारी स्पेलिंगे, अर्थ उलटवणारे स्वल्पविराम, बी.ए.च्या या पोरापुढे काहीच टिकत नसे. अमरावतीच्या शब्दकोडे स्पर्धेला वाचनालयातर्फे तोच जाणार, अशी चिन्हे दिसताच उत्तमरावांना प्रश्न पडला : याला येते कसे? वाचनालयाच्या अध्यक्षांचा मुलगा हर्षल याचीही उत्तरे दर रविवारी बरोबर असत, फक्त किंचित उशिरा. तिथे हा प्रश्न पडला नव्हता. तिथे त्याला घरचे संस्कार म्हणत.

त्या शनिवारी त्यांनी विचारले : पाच अक्षरांचा कोणता इंग्रजी शब्द शेवटची चार अक्षरे पुसली तरी तसाच उच्चारला जातो? उत्तर होते ‘क्यू’, म्हणजे रांग; पहिले क्यू हे अक्षर उरले तरी उच्चार तोच. मागे मात्र त्यांनी ‘नाइफ’ लिहिले. डोके चालवून तिथे पोहोचणे अशक्य होते. त्यासाठी चोरटे डोळेच हवेत. धम्मदीप ‘नाइफ’ म्हणेल आणि त्याचे नाव चारचौघांत वगळता येईल. उत्तमराव याला पूर्वग्रह म्हणत नसत, पद्धत म्हणत.

रविवारी त्यांनी आधी त्यालाच उठवले.

“क्यू, सर.”

“कसे सुचले?”

“यश्टी स्टँडवर पासच्या रांगेत उभा होतो. दुसरं कामच काय होतं तिथं?”

पोरे हसली. उत्तमराव हसले नाहीत. याला सापळ्याचा वास लागला असावा, असे त्यांना वाटले.

“नाइफ,” हर्षल बसल्या बसल्या म्हणाला.

“कसं बे?” मागच्या बाकावरचा गोकुळ म्हणाला. “चार पुसले तं नुसता के उरते.”

“तुले काय करायचं? फळा फिरू दे. मागं तेच असन.”

 उत्तमराव घाईने फळ्याच्या आड उभे राहिले.

“आजचे कोडे रद्द. प्रश्नातच दोष होता.”

“काऊन सर? प्रश्न तं बरोबर होता,” धम्मदीप म्हणाला आणि पुढे येऊन त्याने फळा फिरवला.

उत्तमरावांच्या वळणदार अक्षरात तिथे ‘नाइफ’ होते. सगळ्यांनी हर्षलकडे पाहिले. मग, जरा सावकाश, उत्तमरावांकडे.

हर्षलने मान खाली घातली. उत्तमरावांनी ‘नाइफ’ पुसले, खडू उचलला आणि अमरावतीसाठी धम्मदीपचे नाव लिहिले. औदार्य दाखवल्यासारखे ते मागे सरकले.

धम्मदीप जागेवरून हलला नाही.

“सर, मागचं चुकीचं उत्तर कोनासाठी लिहिलं होतं?”

“नाव लिहिले आहे. बस आता.”

“नाव लिहिलं, सर. उत्तर राह्यलं.”