ग्लासावरचा हात

"जांभळी फुलं, पिकलेले आलुबुखार, शेवटी थोडा व्हॅनिला," एल्वियोनं एका दमात सांगून टाकलं आणि मिर्थाबाईंकडे गड जिंकल्यासारखं पाहिलं.

वाइनच्या वर्गाच्या शिक्षिका मिर्थाबाई बाटली धरून तशाच उभ्या. आतली वाइन ओळखू येऊ नये म्हणून बाटलीला रुमाल गुंडाळलेला.

"डोन एल्वियो," त्या हळूच म्हणाल्या, "मी अजून ओतलीच नाहीये."

एल्वियोनं खाली पाहिलं. ग्लासावर त्याचाच तळहात, झाकणासारखा पालथा!

"आणि ही पांढरी आहे."

वर्गात तिसरं कुणी नव्हतं, एवढंच नशीब.

मेंदोसाच्या द्राक्षमळ्यांतून पाहुण्यांची व्हॅन फिरवण्यात एल्वियोचा जन्म गेला होता. प्रत्येक वाइनरीत कुणीतरी प्रेमानं बाटली पुढे करायचं आणि याचा हात आपोआप ग्लासावर जायचा. गाडी चालवायचीय ना! पाहुणे डोळे मिटून हुंगायचे, आणि हा भिंतीला टेकून गाइडचं बोलणं ऐकायचा. ऐकून ऐकून सगळं तोंडपाठ. घरी रविवारी प्यायचा तो, नाही असं नाही. पण बर्फ आणि सोडा घालून. त्यात कसला वास नि कसलं काय!

आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी मान हलवली. प्रवासी गाडीचा परवाना आता परत मिळणार नव्हता. मालक फाब्रिसिओ पोराच्या वयाचा, पण मनानं बरा. म्हणाला, "काका, वाइनचा कोर्स करा. दुसऱ्या लेव्हलचं सर्टिफिकेट आणा, या हंगामाला गाइड करतो तुम्हाला. नाहीतर मग... व्हॅन धुवायचं काम आहेच."

"दुसरी कशाला? तिसरीच घे की!" सकाळी शर्टाला इस्त्री करताना बायको, ओफेलिया म्हणाली होती. "झोपेतसुद्धा आलुबुखार बडबडतोस, म्हाताऱ्या."

आणि इथे प्रवेशाच्या चाचणीतच ही फजिती.

मिर्थाबाई मात्र हसल्या नाहीत. खुर्ची ओढून समोर बसल्या. "तिसऱ्या लेव्हलला चाखून ओळखावं लागतं, ती विसरा. पण दुसरीची परीक्षा लेखी असते. तुमचं पाठांतर बघता आरामात पास व्हाल."

"आणि पहिलीत काय असतं?"

"पहिलीत नुसतं बघायचं, हुंगायचं, घोट घ्यायचा. पण पहिलीवर तुम्हाला कुणी गाइड करणार नाही. आणि पहिली केलीत तर दुसरी पुढच्या वर्षी."

 एल्वियोला एक पाहुणी आठवली. परतीच्या वाटेवर पुढच्या सीटवर बसली होती. "आणि तुम्हाला कुठली आवडते?" तिनं सहज विचारलं आणि अख्खी व्हॅन ऐकायला लागली. यानं गाइडचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. केवढी खूश झाली ती बाई! याला मात्र घरी पोचेपर्यंत कसंतरीच होत राहिलं.

"पहिली," तो म्हणाला.

घरी ओफेलियानं कपाळाला हात लावला. "पहिली? अरे, पहिलीत सुट्टीला आलेले परदेशी बसतात! मग हंगामभर करणार काय तू?"

"व्हॅन धुणार."

"आणि शेजारच्या एर्मिंदाला काय सांगू?"

"सांग, म्हातारा शाळेत जातो."

ती हसली नाही. भांडी जरा जास्तच जोरात घासली. पण रविवारी जेवायला बसले, तेव्हा टेबलावर वाइन होती, सोड्याची बाटली नव्हती. 

सोमवारी त्यानं व्हॅनच्या किल्ल्या फाब्रिसिओच्या हातात ठेवल्या. फाब्रिसिओ काहीतरी बोलणार होता. एल्वियोनं बादली उचलली.

संध्याकाळी वर्ग भरला. मिर्थाबाई बाटली घेऊन एकेकाजवळ थांबत त्याच्यापर्यंत आल्या. त्याचा हात उठला आणि सवयीनं थेट ग्लासावर गेला.

मिर्थाबाई थांबल्या. घाई नव्हतीच त्यांना.

मग त्यानं हात उचलला. दिवसभर व्हॅन धुऊन बोटं पांढरी पडली होती, सुरकुतली होती. कुठे ठेवावा हा हात, ते त्याला कळेना. शेवटी त्यानं तो किल्ल्यांच्या रिकाम्या खिशावर ठेवला.

वाइन ग्लासात उतरली. त्यानं वाकून नाक आत घातलं आणि बराच वेळ तसाच राहिला.

"काय वास येतोय, डोन एल्वियो?"

"थांबा," तो म्हणाला.