कप्तानाची डावी बाजू

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला रोज संध्याकाळी आपल्या बिऱ्हाडाची सांडपाण्याची टाकी तरी रिकामी करावी लागत नाही. वहिनीच्या मनात हे आलं तेव्हा ती त्याच टाकीचा नळ उघडून, नाक दुसरीकडे वळवून उभी होती. पूर्वी असलं काही सुचलं की ती आपल्याशीच हसायची. आज हसायचंही जिवावर आलं.

टाकी होती मोटरहोमची. दोन पलंग, एक ओटा, हात पसरला की दोन्ही भिंतींना लागेल एवढी न्हाणी आणि खाली चार चाकं. वहिनीच्या नवऱ्याने निवृत्त झाल्यावर मोठ्या हौसेने ती घेतली आणि पहिली सफर व्हायच्या आधीच तो गेला. त्याची धाकटी बहीण जन्मभर शहरातली बस चालवत आलेली. घरात तिला सगळे कप्तान म्हणत. काही आठवड्यांनी ही कप्तान किल्ली हातात घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "वहिनी, दादाची गाडी उभ्या उभ्या सडायला नको. चला, एक चक्कर मारून येऊ."

त्या चकरेला आता दुसरा हिवाळा लागत आला होता. सुरुवातीला वहिनीला बरं वाटलं. घरातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसण्यापेक्षा काचेतून पळणारी झाडं बघणं सोपं होतं. पण माणूस झाडं तरी किती बघणार? गाडी लावायचा नवा तळ, नवी नोंदणी, नवे शेजारी, त्यांना तीच उत्तरं. हल्ली सकाळी जाग आली की आपण कुठे आहोत हे आठवायलाच तिला वेळ लागे, आणि आठवलं तरी त्याने काही फरक पडत नसे. थांबू या, असं मात्र ती कधी म्हणाली नाही. तिला वाटे, कप्तान भावाच्या आठवणीने फिरते आहे. आपण मोडता घालू नये.

गाडी एकदा तळावर लावली, वीज जोडली, पाण्याचा पाइप लावला की नुसत्या पावासाठी ती हलवणं म्हणजे केवढा कुटाणा. कपबशा कपाटात कोंबा, पाइप गुंडाळा, दारावरचं कापडी छत मिटा. म्हणून दादाने दोन स्कूटर घेऊन ठेवल्या होत्या. विजेवर चालणाऱ्या, उभ्याने चालवायच्या, एका पायाने ढकलून सुरू करायच्या, घडी करून मागच्या डिकीत मावणाऱ्या. पहिल्यांदा चढली तेव्हा वहिनी जागच्या जागी किंचाळली होती. "अगं, मी नुसती उभी आहे आणि हे मला नेतंय!" आता दुकान, औषधं, टपाल, सगळं स्कूटरवरच. पिशवी दांड्याला अडकवायची आणि निघायचं. कप्तान सुसाट जाई, वहिनी पायी चालणाऱ्यांना वाट देत.

हा तळ एका तळ्याकाठी होता, गावापासून जरासा लांब. हंगाम सरला होता. अर्ध्याहून जास्त जागा रिकाम्या होत्या. तरी कप्तानाने गाडी अगदी टोकाला, कुंपणाला उजवी बाजू लावून उभी केली. हल्ली ती सगळीकडे असंच करायची.

"अंडी, पाव आणि तुमचं गुडघ्याचं मलम," कप्तान म्हणाली. "आलेच."

ती गेली. वहिनीने टाकी रिकामी केली, ओटा पुसला, दोन रुमाल धुऊन वाळत घातले. जन्मभर एका पडद्यांच्या दुकानात शिवणकाम केल्यामुळे तिच्या हाताला स्वस्थ बसवत नसे. रुमाल वाळायला लागले तरी कप्तानाचा पत्ता नाही. फोन लावला तर तो समोरच्या पलंगावरच वाजला. वहिनीने उसासा टाकला, चपला बदलून बूट घातले आणि आपली स्कूटर काढली.

गावात शिरताना एक चौक होता. तिथे होड्या दुरुस्त करणाऱ्याची कार्यशाळा होती, आणि तिच्या पायरीवर कप्तान बसली होती. एका मनगटावर बर्फाची पिशवी, गुडघ्यावर फाटलेली विजार. शेजारी स्कूटर आडवी, तिचा दांडा वाकलेला. अंड्यांचा पिवळा ओघळ फुटपाथवरून गटारापर्यंत गेला होता.

"आदळल्या या खांबावर," होडीवाला म्हणाला. धिप्पाड माणूस, आवाज मात्र हळू. "बर्फ दिलाय. हाड मोडलेलं वाटत नाही."

वहिनीने खांबाकडे बघितलं. गाड्या फुटपाथवर चढू नयेत म्हणून लावलेला, कंबरेइतका उंच, पिवळाधमक. मोकळा चौक, लख्ख ऊन. जन्मात ज्या बाईने बसला साधा ओरखडा येऊ दिला नाही ती या खांबावर?

"दिसला नाही?"

"लक्ष नव्हतं," कप्तान म्हणाली.

वहिनी तिच्या डाव्या बाजूला उभी होती. तिने न बोलता हात वर केला आणि कप्तानाच्या कानाजवळून हळूच पुढे आणला. कप्तान समोर बघत राहिली. हात पार नाकाजवळ आला तेव्हा ती दचकली.

मग वहिनीला एकेक करून सगळं आठवलं. मागच्या महिन्यात डावा आरसा कमानीला घासला तेव्हा, "रस्तेच अरुंद करून ठेवलेत मेल्यांनी." चहा कपाऐवजी ओट्यावर ओतला तेव्हा, "कप कोणी सरकवला?" वहिनीने तेव्हा ओटा पुसला होता आणि ती पुढच्या कामाला लागली होती.

"कधीपासून?"

कप्तानाने बर्फाची पिशवी दुसरीकडे फिरवली. "उन्हाळ्यापासून. आधी धूसर होतं. मग पडदा ओढल्यासारखं झालं."

"उन्हाळ्यापासून! आणि त्या डोंगरातून आलो ते? खाली दरी, एका बाजूला कठडाही नाही!"

"तुम्ही बोलत होतात ना."

"म्हणजे?"

"तुम्ही शेजारी बसून सगळं बोलता. ती बघ गाय, तो बघ ट्रक, केवढा खड्डा आहे ग. डावीकडचं मला तुमच्याकडून कळायचं. तुम्ही गप्प झालात की मी वेग कमी करायची."

वहिनीला आधी राग कळलाच नाही. ती पायरीवर बसली. मग राग आला आणि असा आला की होडीवाला कानकोंडा होऊन आत गेला.

"मारून टाकलं असतंस मला! मला एकटीला नाही, समोरून येणाऱ्यालाही! मी तिथे बडबडत बसले होते, आणि तू माझ्या बडबडीवर एवढं धूड चालवत होतीस? मला एका शब्दाने सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं असतं तर थांबावं लागलं असतं."

"मग थांबलो असतो!"

"तुम्ही घरी गेला असता," कप्तान म्हणाली. "मी कुठे गेले असते? खोली सोडून दिली मी. बस नाही, दादा नाही. ड्रायव्हरला डोळा नसला की काय उरतं, वहिनी?"

वहिनीचा राग पुरता ओसरला नव्हता. ती उठली, दुकानात जाऊन पुन्हा अंडी घेतली, मलम घेतलं. वाकलेली स्कूटर होडीवाल्याने ठेवून घेतली. दुसरीवर दोघींना चढता येण्यासारखं नव्हतं, म्हणून वहिनीने पिशव्या तिच्या दांड्याला अडकवल्या आणि तीच हातगाडीसारखी ढकलत दोघी चालत निघाल्या. वाट जराशी चढाची. कप्तान नेहमीच्या सवयीने दोन पावलं पुढे चालू लागली. थोड्या वेळाने वहिनी मुकाट्याने तिच्या डाव्या अंगाला गेली.

दुसऱ्या दिवशी वहिनी एकटीच स्कूटरवरून गावात जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन आली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कप्तानाला तपासल्यावर त्यांनी आडपडदा ठेवला नाही. डाव्या डोळ्यातलं गेलं ते गेलं. उजव्यातही सुरुवात आहे. तो वाचवायचा तर दर महिन्याला इंजेक्शन, खंड न पाडता. गाडी चालवणं बंद.

"आणि स्कूटर?" कप्तानाने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या सुजलेल्या मनगटाकडे बघितलं, आणि ते उत्तर पुरलं.

दर महिन्याला म्हणजे इथेच राहणं आलं. पण तळ तर हिवाळ्यासाठी बंद होणार होता. होडीवाला म्हणाला, "माझ्या आवारात हिवाळाभर होड्या उभ्या असतात. त्यात एक घर उभं राहिलं तर बिघडलं कुठे? पाणी आहे, वीज आहे." प्रश्न एवढाच की गाडी तिथवर नेणार कोण? भाड्याने ड्रायव्हर बोलवू, असं वहिनी म्हणताच कप्तानाचं तोंड एवढंसं झालं. परका माणूस दादाच्या जागेवर! वहिनीने आयुष्यात एक छोटी मोटार चालवली होती, तीही बाजारापर्यंत. तरी तीच बसली.

तो प्रवास तळ्यापासून चौकापर्यंतचा, स्कूटरने गेलं तर गाणं संपायच्या आत संपणारा. वहिनीला तो सरता सरेना. आरशांत गाडी मागे आगगाडीसारखी लांबलेली दिसत होती. मागच्या मोटारी भोंगे वाजवत होत्या. कप्तान शेजारी बसून नसलेला ब्रेक पायाने दाबत होती आणि ओठ गच्च मिटून होती. चौकात वळताना गाडी बंद पडली. भोंगे वाढले.

"बोल ना काहीतरी!" वहिनी ओरडली.

"क्लच पूर्ण दाबा. आता किल्ली. घाई नाही. भोंगे वाजवणाऱ्यांना वाजवू द्या, त्यांचं पेट्रोल जळतंय. हं. आता सोडा, हळू. पाळण्यातलं पोर झोपलंय असं समजून."

गाडी निघाली. होडीवाल्याने फाटक सताड उघडून ठेवलं होतं. दोन उलट्या ठेवलेल्या होड्यांच्या मध्ये वहिनीने ती आणली, थांबवली, इंजिन बंद केलं, आणि मग तिची बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात. कप्तानाने चांगल्या हाताने ती एकेक करून सोडवली.

"वळताना मागचं चाक काठावर चढवलंत," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"पण आणलीत."

वहिनीने डोकं मागे टेकलं. समोर काचेबाहेर एक भिंत होती, साधी, पोपडे निघालेली. उद्या सकाळीही तीच भिंत दिसणार होती. "मी दमले, कप्तान," ती म्हणाली. "आजची गोष्ट नाही. कधीची दमले आहे. तुला वाईट वाटेल म्हणून म्हणाले नाही."

"मला वाटायचं, तुम्हाला घर खायला उठतं," कप्तान म्हणाली. "म्हणून मी थांबत नव्हते. आधी तेवढ्यासाठी थांबत नव्हते. मग डोळ्यापायी."

"दोघी शहाण्या," वहिनी म्हणाली.

पुढे तो हिवाळा त्यांनी तिथेच काढला. वहिनीला गावातल्या एका दुकानात पडद्यांचं काम मिळालं आणि ती सकाळी कानटोपी घालून स्कूटरवरून जाऊ लागली. कप्तान होडीवाल्याकडे बसून इंजिनांचे आवाज ऐके आणि न विचारता सल्ले देई. इंजेक्शनाच्या दिवशी ती फार चिडचिडी होई, आणि वहिनी तिला चिडू देई. उजवा डोळा टिकला. वसंतात काय करायचं यावर त्या बोलल्या नाहीत असं नाही, पण ठरलं काहीच नाही.

आवारातल्या त्या पहिल्या दिवशी मात्र कपबशा कपाटातून काढायचंही दोघींना सुधरलं नाही. वहिनी बुटांसकट पलंगावर आडवी झाली. कप्तानही समोरच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. ऊन उतरायच्या सुमाराला होडीवाल्याने दारावर टकटक केली, किती दिवस राहणार ते विचारायला. आत दोघींना गाढ झोप लागली होती, कोणीच ओ दिली नाही. तो थोडा वेळ उभा राहिला, मग आपल्या कामाला गेला.