कझाकस्तानातला साखर कारखाना

चिंचोळी एमआयडीसीतल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात शालनताई चौतीस वर्षं कागद भरत आल्या होत्या. मालक रुद्रप्पाशेठ होते तेव्हा तिथले व्हॉल्व्ह श्रीपूरच्या साखर कारखान्याला जायचे, फार तर कर्नाटकात. त्यामुळे ‘माल कशासाठी’ या रकान्यात त्या कुणाला न विचारता ‘साखर कारखाना’ लिहायच्या. शेठ गेले, मुलगा महेश्वर खुर्चीवर बसला, माल परदेशी जाऊ लागला. हाताची सवय तशीच राहिली.

आज कझाकस्तानातल्या आयात-निर्यात नियंत्रण कार्यालयाचं पत्र आलं होतं. निकेलचे दीडशे व्हॉल्व्ह त्यांनी अडवले होते. असे व्हॉल्व्ह अणुइंधनाच्या कामात चालतात. दिलेल्या पत्त्यावर साखर कारखाना नाही, नुसतं गोदाम आहे. माल शेवटी कोण वापरणार, ते लेखी कळवा.

“मावशी, लई ताणू नका,” महेश्वर म्हणाला. “खत कारखाना लिहा, सही करा.”

“खताचा तरी हाय का तिथं?”

“असंल की. खत कुठं लागत न्हाय?”

“घेणारा काय म्हणतोय?”

“चार दिवस फोन उचलत न्हाय.” त्यानं कपाळ चोळलं. “माल परत आला तर दुसरी पाळी बंद. त्या पाळीतल्या बिरप्पाला तुम्हीच सांगा मग.”

शालनताईंना अठ्ठ्याण्णव साल आठवलं. पोखरणचा स्फोट झाला तेव्हा शेठनी सगळ्यांना पेढे वाटले होते. पुढं भारतावर निर्बंध आले आणि परदेशी मशीनचे सुटे भाग यायचे बंद झाले. भाग कशाला पाहिजेत, असं मशीनच्या कंपनीनं विचारलं, तेव्हाही शालनताईंनी ‘साखर कारखाना’च लिहिलं होतं. तेव्हा ते खरं होतं, तरी कुणी मानलं नाही. आठ महिने शेठ जुनेच भाग घासून लेथ चालवत होते.

आता ‘खत कारखाना’ लिहिलं तर मानतील, आणि ते खोटं असेल.

त्यांनी चष्मा पुसला आणि सावकाश टाइप केलं : ‘साखर कारखाना हे मी न विचारता लिहिलं होतं. माल शेवटी कुठं जाणार, आम्हाला ठाऊक नाही. घेणारा बोलत नाही. माल सोडू नये.’ खाली स्वतःचं नाव घातलं.

महेश्वरनं दोनदा वाचलं. “‘सोडू नये’ कशाला? ते बघतील की.”

“ते विचारतायत म्हणून.”

त्यानं घेणाऱ्याला पुन्हा एकदा फोन लावून पाहिला. मग म्हणाला, “पाठवा. माझं पण नाव घाला.”

पत्र गेलं. तीनची दुसरी पाळी यायला दहा मिनिटं होती. शालनताई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि बिरप्पाला गाठायला फाटकाकडे निघाल्या.