पोटातला शिंपला

मी एक तोटीचा घडा बोलतोय, आणि जरा दबकतच बोलतोय. माझ्या पोटात भाटघर धरणातल्या शिंपल्याचा एक कण आहे. तो कधी फुटेल याचा नेम नाही.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी हटलं की तळाची माती उघडी पडते. ती आणायची, भिजवायची, चाळायची आणि मग चाकावर घ्यायची, ही भोरच्या कुंदाताईंची रीत. जमिनीखालून निघणाऱ्या जुन्या भांड्यांचे आकार त्यांना फार प्रिय. त्यांनी माझं पोट भोपळ्यासारखं गोल केलं, मान उंच ठेवली आणि ओल्या अंगावर धरणातलेच शिंपले दाबून नक्षी उठवली. नक्षी उठली की शिंपला काढायचाच. मातीत राहिला, तर भट्टीत त्याचा चुना होतो आणि पुढे तोच चुना हवेतली ओल पिऊन फुगतो, भांड्याचा टवका उडवतो.

ताईंनी सगळे शिंपले नीट काढले होते. माझ्यातला कण आला तो मातीतूनच. यंदा माती चाळली होती त्यांच्या लेकीनं, शुभ्रानं, आणि घाईघाईत मोठ्या भोकांची चाळणी घेतली. मला हे ठाऊक होतं. पण घड्याला तोंड असून काय उपयोग, ऐकतंय कोण?

ताईंचे हात हल्ली कापतात. शुभ्रानं बजावलं होतं, "आई, या वेळी तुझ्या हातून काही बिघडलं, तर चाक बंद. मग हट्ट करायचा नाही."

ताई "बरं" म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्याच हातांत होतो. केवढी भीती होती त्या हातांत!

भट्टीतून मी धडधाकट निघालो. भट्टीला लाकडं घालणारे चिमाजी म्हणाले, "ताई, लई बेस निघालाय. कुठं चीर न्हाई." ताई लहान मुलीसारख्या हसल्या. मी मात्र आतून ताणला जात होतो.

मग एका सकाळी ताईंनी माझ्यावरून हात फिरवला आणि बोट फुगवट्यावर अडकलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. आपलाच शिंपला राहिला, असं त्यांनी धरूनच टाकलं. मला उचलून ती बाजू भिंतीकडे फिरवली. मला त्यांची फार दया आली.

शुभ्रा झाडायला आली, आणि नेमका तेव्हाच माझा टवका उडाला. टक्! ताईंनी पटकन त्यावर पाय ठेवला.

"आई, पाय काढ."

टवक्याला पांढरा चुना चिकटलेला होता. "माझाच शिंपला राहिला गं," ताई खाली बघत म्हणाल्या. "झाकून ठेव चाक."

शुभ्रानं चाकावर टाकायला फडकं आणलं. मला ओरडावंसं वाटत होतं.

एवढ्यात फळीवर पुन्हा टक् झालं. या वेळी मी नव्हतो. शुभ्रानं स्वतः केलेला, बिननक्षीचा वाडगा होता तो. मग त्याच्या शेजारचाही फुटला.

"काय झालं वो?" चिमाजींनी दारातून विचारलं.

शुभ्रा फडकं धरून तशीच उभी होती. "आई," ती कशीबशी म्हणाली, "माती मी चाळली होती."

ताईंनी तिच्या हातातलं फडकं घेतलं, डोळे पुसले आणि चाकाशी जाऊन बसल्या. हात कापतच होते.

माझ्यात अजून चुना आहे. एखाद्या दिवशी माझे तुकडे होतील. होऊ देत बापडे. फक्त तेव्हा कापऱ्या हातांना बोल लावू नका.