तेजरामने मला आंघोळ घातली

मित्रांनो, मी एक जुना पॉलिशर आहे. मोटारीच्या रंगावरचे ओरखडे घालवायला लोकरीची गादी लावून जे विजेचे यंत्र फिरवतात, तोच मी. भिलाईत पोलादाच्या भट्ट्या उभ्या राहत होत्या, तेव्हा साहेबांच्या गाड्यांसाठी मला कलकत्त्याहून गॅरेजात आणले.

खरे सांगतो, मी काही गुणी नव्हतो. अंगाने जड आणि लवकर तापणारा. जरा जास्त दाबले की कडेचा रंग जाळून टाकी. बांधकामाची लाल धूळ गादीत अडकली की काळ्या बॉनेटवर गोल ओरखड्यांचे जाळे उमटे. गाडी उन्हात काढली की साहेब तेजरामवर उखडत. हा तेजराम मला चालवायचा. भंडाऱ्याकडचा शेतकरी, भिलाईजवळच्या कोहका गावात खोली घेऊन राहिलेला. माझ्यापायी बोलणी खाई, पण माझी गादी धुवायला कधी कंटाळला नाही. मला तो फार आवडे.

माझा प्लग तीन पिनांचा आणि भिंतीतली भोके दोनच. मिस्त्री भाऊरावांनी तिसरी पिन कापून टाकली. माझ्या धातूच्या अंगात वीज उतरलीच, तर ती त्या पिनेतून जमिनीत जायची होती. इकडे आतली एक तार घासून उघडी पडत चालली होती. मला ते कळत होते, सांगता येत नव्हते. तेजरामच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या.

"भाऊरावजी, मशीन झटके मारून राहिली," तो म्हणाला.

"नाराज असन. दसऱ्याले चांगली पूजा कर तिची."

तेजरामने ते मनावर घेतले. गावी पोळ्याला बैल धुतात, तशी दसऱ्याला त्याने मला बादलीभर पाण्याने आंघोळ घातली. अंग चोळले, हळदकुंकू लावले, माझ्यापुढे डोके टेकवले. माझ्या मनात मात्र धडकी भरली. पाणी आत मोटरपर्यंत गेले होते.

दसऱ्याला अवजाराला कोणी कामाला लावत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांची काळी गाडी आली. दुपारी पाहुणे यायचे होते. तेजरामने गाडी धुतली. पूजेतल्या यंत्राला चपला घालून कसे धरायचे, म्हणून चपला काढून ठेवल्या आणि ओल्या फरशीवर उभे राहून बटण दाबले.

त्याची बोटे माझ्यावर आवळली. तो सुटायला धडपडत होता आणि मला त्याला सोडता येत नव्हते. भाऊरावांनी धावत येऊन प्लग उपटला, तोवर सारे संपले होते.

संध्याकाळी त्याची बायको कौशल्या आली. माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"झटके मारते म्हनत होते ते," ती भाऊरावांना म्हणाली. "मंग कोनं खोलून कावून नाही पाह्यलं?"



तेव्हापासून मी फळीवर पडून आहे. मित्रांनो, एखाद्या यंत्राला हात लावताच मुंग्या आल्या, तर त्याची समजूत काढत बसू नका. ते बंद करा आणि जाणत्या माणसाकडून उघडून घ्या. यंत्राला राग येत नसतो.