वाघदेवाच्या पोटातलं पोळं

वाघदेवाशी सुकरीचं बोलणं बंद होतं. श्रावणात तिने त्याला कोंबडी दिली, शेळीला सांभाळ म्हणून सांगितलं, आणि चौथ्याच दिवशी बिबट्याने शेळी नेली. तीही देवाच्या समोरून. तेव्हापासून शेतावर जाताना ती शिवेवरच्या त्याच्या लाकडी खांबापाशी तोंड फिरवायची. फारच राग आला तर थांबून म्हणायची, "तुझाच भाऊबंद ना तो? तुलाही वाटा मिळाला असल."

नवरा, नवसू, घाबरायचा. "अगं, देव हाय तो."

"लाकूड हाय. तुझ्याच बापाने तोडलेलं."

दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला सकाळी सगळा पाडा वाघदेवाच्या पूजेला शिवेवर जमला. खांब फार जुना झाला होता. वर कोरलेले सूर्य-चंद्र पुसट झालेले, मधल्या वाघाचा जबडा झडून तो म्हाताऱ्या बोक्यासारखा दिसायचा. बुंध्याला वाळवीची माती चढली होती. म्हणून जुना उपटून नवा रोवायचं ठरलं होतं.

"वाळवी आवरत नाय त्याला," सुकरी मागून म्हणाली, "आन् आपली गुरं राखणार!"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. बाबल्या भगत चिडला. त्याने खांबाला शेंदूर लावला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि दोन्ही हातांनी मिठी मारून खांबाला हिसका दिला.

खांबातून गुरगुर आली.

बाबल्याने डोळे उघडले. पुन्हा गुरगुर, आता मोठी. मंडळी चार पावलं मागे सरली. "देव कोपला," बाबल्या म्हणतो न म्हणतो तोच त्याच्या नाकाला माशी डसली. मग कानाला. मग सदऱ्याच्या आत. अंगात वारं आल्यावरही भगत कधी इतका नाचला नव्हता.

सुकरी पोट धरून हसली. पण पाड्यावर मध काढणारी तीच, त्यामुळे पुढे तिलाच व्हावं लागलं. नवसूने ओल्या गवताचा धूर केला. पदर डोक्याभोवती घट्ट गुंडाळून ती खांबाच्या मागे गेली. वाघाच्या पाठीत तळहाताएवढी भेग होती. तिने आत डोकावलं.

सातेरी मधमाश्या होत्या. पोकळ खांबात पोळ्याचे पडदे एकाशेजारी एक लटकलेले, मध्ये माशीपुरती वाट सोडलेली. सुकरीने आजवर शेकडो पोळी काढली होती, पण घाईत, झाडावर लोंबकळत. असं निवांत बघितलंच नव्हतं. तिने आणि नवसूने चार डोळ्यांनी, दोरी लावून, भर उजेडात घराचा कूड उभारला होता, तरी तो एका बाजूला कलला होता.

"काय दिसतं?" बाबल्याने लांबूनच विचारलं. त्याचं नाक वांग्याएवढं झालं होतं.

"घर बांधलंय. अंधारात. एक भिंत वाकडी नाय."

"कोणी शिकवलं त्यांना?"

"मला काय विचारतोस? भगत तू."

बाबल्या दगडावर बसला आणि खरंच विचारात पडला.

सुकरीने कडेचा एक तुकडा कापला आणि सरळ तोंडात घातला.

"आधी देवाला दे!" नवसू ओरडला.

"त्याच्याच पोटातून काढलाय. परत कुठं घालू?"

या प्रश्नावर पाड्यातल्या जाणत्यांनी बराच वेळ काथ्याकूट केला. शेवटी जुन्या खांबाला हात लावायचा नाही, नवा शेजारीच रोवायचा, असं ठरलं. पाड्याला आता दोन वाघदेव झाले. बाबल्याला शेंदूर दुप्पट लागतो आणि जुन्याला तो लांबूनच फासतो.

आठ दिवसांनी नवसू आणि सुकरी बाजाराला निघाले. शिवेवर आल्यावर सुकरी वळली आणि तिने जुन्या खांबाला कान लावला.

"काय मग?" नवसूने हळूच विचारलं. "हाय ना देव?"

"आत कोणीतरी कामात हाय. तू जरा गप बस."

सडकेवर मोखाड्याची जीप थांबली, हॉर्न वाजवून निघूनही गेली. सुकरी तशीच उभी होती, गालाला शेंदूर लागलेला.