वेचून घेतलेली काळजं

माझ्या नेमणुकीच्या कागदावर ‘नमुना सहायक’ असं लिहिलंय. म्हणजे मी मासे कापते. आईनं चाळीस वर्षं बाजारात बसून मासे कापले, ते विकायला. मी पांढरा कोट घालून कापते, ते तपासायला. आईच्या हातचा मासा माणसं खायची, माझ्या हातचा यंत्र खातं, एवढाच काय तो फरक. प्रयोगशाळेत सगळे मला सुरीताई म्हणतात. साहेब काहीच म्हणत नाहीत, ते कागदाकडे बघून बोलतात.

दर सोमवारी सकाळी होडीवाला बर्फाचा खोका आणून माझ्या ओट्यावर आदळतो. नदी जिथे समुद्राला मिळते तिथले वीस मासे, सगळे एकाच जातीचे. मी एकेक मासा मोजायचा, तोलायचा, पाठीकडचं मांस काढून बाटलीत भरायचं आणि फॉर्मवरचे रकाने भरायचे. लांबी, वजन, काढलेलं मांस. शेवटी ‘शेरा’ नावाचा एक ऐसपैस रकाना आहे. यंत्र मांसातलं विष मोजतं, ते मर्यादेच्या आतच निघतं, साहेब ‘खाण्यास योग्य’ असा शिक्का मारतात आणि अहवाल वर जातो. वर म्हणजे कुठे, हे सोळा वर्षांत मी विचारलेलं नाही.

मांस काढल्यावर उरलेला मासा बादलीत जायचा. हे बघून पहिल्याच आठवड्यात माझा जीव वरखाली झाला. मी साहेबांना विचारलं, ‘हे मी घरी नेलं तर चालेल का?’

‘न्या की,’ ते कागदाला म्हणाले. ‘बादली तेवढी हलकी होईल.’

तेव्हापासून दर सोमवारी माझा जेवणाचा डबा माशांच्या काळजांनी, म्हणजे यकृतांनी, भरून घरी येऊ लागला. मासे कापणाऱ्यांच्या घरी हे असंच चालतं. मांस गिऱ्हाइकाचं, डोकी आणि काळीज घरचं. आम्ही दोघी बहिणी त्याच्यावरच वाढलो आणि आईच्या शब्दांत सांगायचं तर घोड्यासारख्या झालो.

गेल्या सात-आठ वर्षांत मात्र मासे बिघडत चालले. आधी ते आखूड झाले. मग शेपटीजवळ जखमा दिसायला लागल्या, कल्ले पांढुरके आणि बुळबुळीत. एका सोमवारी मी एका नराचं पोट फाडलं तर आत नराचं सगळं होतंच, वर अंडीही होती. मी होडीवाल्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, ‘मला काय दाखवता? मी पाण्यात हात घालतो ना रोज. कोमट लागतं हल्ली, आंघोळीला काढल्यासारखं. आणि कारखान्याच्या पाइपाजवळ गेलं की जाळ्याला हिरवट साय धरते. आम्ही बोलून बोलून थकलो.’ एवढं बोलून तो रिकामा खोका घेऊन गेला.

सगळ्यात वाईट काळजं. चांगलं काळीज तपकिरी, जड, बोटाखाली लोण्यासारखं लागतं. आता निम्म्या माशांत ते फिकट निघायचं, वर मोहरीएवढ्या, कधी मुगाएवढ्या गाठी. मी ते सगळं शेऱ्याच्या रकान्यात लिहायची. ‘काळजावर गाठी, अकरा माशांत.’ ‘नराच्या पोटात अंडी.’ ‘जबडा वाकडा.’ रकाना दिलाय तर भरायचा, म्हणून. कुणी वाचत नव्हतं, पण माझं अक्षर चांगलं आहे.

आणि गाठीवालं काळीज मी घरी नेणार थोडीच? ते बादलीत. स्वच्छ, मोठं, तुपाळ असेल तेच डब्यात. वीस माशांतून वेचून वेचून आठ-नऊ निघायची. हा माझा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? यंत्राला तासभर लागतो, माझ्या अंगठ्याला क्षण पुरायचा.

डबा मुख्यतः धाकटीसाठी असायचा. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आई, मी, धाकटी आणि तिचा नवरा असे आम्ही एकाच घरात राहतो. नवरा बंदरात क्रेन चालवतो आणि घरी असला की झोपतो. धाकटीला लग्नानंतर दोनदा दिवस गेले, आणि दोन्ही वेळेला पाचवा महिना उजाडला नाही. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त कमी आहे. आई म्हणाली, काळीज खा. पहिल्या वेळेला म्हणाली, दुसऱ्या वेळेला म्हणाली, आणि या तिसऱ्या वेळेला तर तिनं वारच लावून दिले. सोमवारी आणलेलं फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि आठवडाभर पुरवायचं. आम्ही दोघी चाखण्यापुरतं घ्यायचो, बाकी सगळं धाकटीच्या ताटात.

आणि या वेळेला टिकलं. पाचवा गेला, सहावा गेला, सातवा लागला. रक्त नऊवरून अकरावर गेलं. धाकटीचे गाल वर आले. मी घरी आले की ती माझा हात ओढून पोटावर ठेवायची. ‘बघ, बघ, डबा आला हे त्याला कळतं. हे बाळ माझं नाही ताई, तुझ्या डब्याचं आहे.’

याच सुमाराला आमच्याकडे नव्या बाई आल्या. वयानं धाकटीएवढ्याच असतील. माशांना आजार का होतात, यावर त्यांचं संशोधन. पहिल्याच दिवशी त्या जुन्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन माझ्या ओट्यापाशी आल्या.

‘हे शेरे कुणी लिहिलेत?’

मला वाटलं, काही चुकलं. ‘मीच. का हो?’

‘ताई, सात वर्षांचं आहे हे! असं कुणाकडेच नाही. तुम्हाला माहितीये का तुम्ही काय करून ठेवलंय?’

मला कसलं माहिती असणार! पण खरं सांगते, त्या दिवशी मी हवेत चालत होते. सोळा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझा रकाना वाचला होता. त्या म्हणाल्या, आजारी काळजं तपासायला हवीत, नमुने द्याल का? मी म्हटलं, नुसती आजारी कशाला, शेजारी निरोगीही ठेवा, म्हणजे फरक कळेल. पुढच्या सोमवारी मी दोन पिशव्या भरल्या. पहिलीत बादलीतली, गाठीवाली. दुसरीत माझ्या स्वतःच्या डब्यातली चार काढून घातली. धाकटीच्या वाटणीतून कमी केली म्हणून मला जरा चुटपुट लागली. तिला म्हटलं, पुढच्या सोमवारी भरपाई करते. आणि केली.

निकालाला तीन आठवडे लागले. म्हणजे आणखी तीन डबे. चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी बाई कागद घेऊन आल्या. मी आकडे वाचले आणि हसले. ‘बाई, तुम्ही पिशव्या बदलल्यात.’

‘मलाही तेच वाटलं,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणून परत केलं. दोनदा.’

पहिल्या पिशवीत विष होतंच. दुसऱ्या पिशवीत त्याच्या सहापट होतं.

बाई समजावून सांगायला लागल्या. चांगलं समजावतात त्या. गाठीवाले मासे बहुतेक लहान, ते फार दिवस जगतच नाहीत. जे तगतात ते मोठे होतात, आणि पाण्यातलं जे काही पोटात जाईल ते सगळं काळजात साठवत राहतात, काळीज जितकं तुपाळ तितकं जास्त. ‘म्हणून तर मांस स्वच्छ निघतं ताई! काळीज सगळं स्वतःकडे ठेवून घेतं.’ त्यांचे डोळे चमकत होते. शोध लागला की माणूस असंच दिसत असेल.

मी विचारलं, ‘समजा, हे कुणी खाल्लं तर?’

‘काळीज?’ त्यांनी भुवया वर केल्या. ‘ते कोण खातं?’

‘आम्ही,’ मी म्हटलं.

त्यांच्या हातातला कागद खाली आला. मग मी धाकटीचं सांगितलं. कितवा महिना, किती डबे, आधीचे दोन कसे गेले, सगळं. बाई स्टुलावर बसल्या. मी एकामागून एक विचारत गेले आणि त्या एकेकाचं उत्तर देत गेल्या. आता थांबवलं तर? थांबवायलाच हवं, पण आत गेलेलं अंगात वर्षानुवर्षं राहतं. औषध? नाही. रक्त तपासलं तर? आकडा कळेल, करता काहीच येणार नाही. बाळाला पोचलं असेल? असेल. त्याला काही होईल? सांगता येत नाही. आधीचे दोन त्यामुळेच गेले का? सांगता येत नाही. त्यांना रडू येत होतं आणि मला त्यांचाच राग येत होता, की तुम्ही माझा रकाना वाचलातच कशाला! न वाचता मी सुखात होते. मूर्खासारखा राग आहे, कळतं मला.

बाई मला साहेबांकडे घेऊन गेल्या. साहेबांनी कागद दोनदा वाचला. वाईट माणूस नाही तो.

‘अहवाल मांसाचा असतो,’ ते म्हणाले. ‘मर्यादा मांसाला ठरवून दिलीय. काळजाला मर्यादाच ठरलेली नाही, तर ती ओलांडली असं मी लिहू कसं?’

‘मग ठरवायला सांगा वर,’ बाई म्हणाल्या.

‘सांगतो. तीन-चार वर्षं जातील.’ मग सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘तुम्ही मात्र यापुढे उरलेलं घरी नेऊ नका.’

झालं. या सगळ्यावर एवढाच एक निर्णय झाला.

मी घरी गेले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले असतील. आई ओट्याशी होती, कढईत काळजं परतत होती. धाकटी खुर्चीत बसून ताटाची वाट बघत होती. मी चपलाही काढल्या नाहीत. दारातच उभी राहून सगळं सांगून टाकलं, कारण बसले असते तर सांगितलं नसतं.

आईनं ऐकून घेतलं आणि गॅस बारीक केला. ‘काहीतरीच. तुझ्या वेळी मी मणभर खाल्लंय. काय धाड भरली तुला?’

‘तेव्हाचं पाणी वेगळं होतं, आई.’

‘मला शिकव आता काळीज!’ तिनं वाडग्यातलं एक कच्चं उचललं, अंगठ्यानं दाबलं, खिडकीच्या उजेडात धरलं. ‘हे बघ. डाग आहे कुठे? गाठ आहे? दाखव ना मला, कुठे आहे तुझं विष!’

मी काय दाखवणार? काळीज खरंच सुंदर होतं. मीच तर वेचलं होतं. आई ते तसंच धरून उभी राहिली, मग तिचा हात हळूहळू खाली आला. चाळीस वर्षांत तिचा अंगठा कधी चुकला नव्हता, आणि आजही तो चुकला आहे असं तिला कुठेच लागत नव्हतं.

‘याला आता काय होईल?’ धाकटीनं पोटावर हात ठेवून विचारलं.

‘काही होणारही नाही कदाचित. जन्मल्यावर बघत राहायचं, म्हणाल्या बाई. डोळे, कान, चालणं, बोलणं.’

‘किती वर्षं?’

‘बरीच.’

ती ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. तिचा चेहरा मला लहानपणापासून पाठ आहे. ती काहीतरी मागे मागे जाऊन आठवत होती, आणि कुठे पोचणार हे मला दिसत होतं. तिनं तिथे पोचू नये म्हणून मी काहीही दिलं असतं, पण माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

‘ताई, आधीच्या दोन वेळेलाही डबा तूच आणायचीस ना?’

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

‘हो.’

‘त्यामुळेच गेले का ते?’

नाही म्हणावं, ठाम नाही म्हणावं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मोठी बहीण आहे मी, एवढं खोटं मला बोलता यायला हवं होतं.

‘सांगता येत नाही,’ मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि रिकामं ताट माझ्याकडे सरकवलं. आईनं गॅस बंद केला. चिमट्यानं कढई उचलून ती बेसिनकडे वळली, तिथून केराच्या डब्याकडे, मग दाराशी. उंबऱ्यावर शेजारचं मांजर वासानं येऊन बसलं होतं. आईनं त्याला पायानं बाजूला केलं, पुन्हा आत आली आणि कढई धरून स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली.

‘हे कुठे टाकू गं मी?’ तिनं मला विचारलं.